टाकीतले मासे वर येऊन धापा टाकतायत?

आधी औषधाची बाटली खाली ठेवा; नवशिक्यांची पहिली चूक तीच. सगळेच मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील, तर दोष बहुधा पाण्याचा. एअर पंप जोरात सोडा, मग पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषारी द्रव्यं) टेस्ट किटने तपासा. दोन्ही ० हवेत. नसतील तर ३० ते ५० टक्के पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीइतक्याच तापमानाचं. खाणं एक दिवस बंद.

एकच मासा धापा टाकतोय, अंग दगडावर घासतोय? मग कल्ल्यांत परजीवी असू शकतात. कल्ले तपकिरी दिसले तर संशय नायट्राइटवर.

आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका. क्लोरीनने त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, अमोनिया पुन्हा चढतो. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

(बेटा आणि गुरामी या जातीचे मासे अधूनमधून वर येऊन हवा घेतात, ती त्यांची रीतच.)