एकाच सभासदाला कधी संदेश जातो, कधी जात नाही

प्रश्न : गिरगावातील आमच्या ग्रंथालयातर्फे पुस्तक परत करण्याची मुदत संपत आली की सभासदांना एका संदेशसेवेमार्फत मराठीतून एसएमएस पाठवला जातो. नमुना मंजूर आहे, खात्यात पैसेही शिल्लक आहेत. तरी गेल्या महिन्यापासून काही संदेशांपुढे ‘फेल्ड’ असा शेरा येतो. ज्या सभासदाला मागच्या वेळी संदेश मिळाला, त्यालाच या वेळी मिळत नाही. सेवा पुरवणारे ‘नेटवर्कची अडचण’ एवढेच सांगतात. याच सुमारास आम्ही पुस्तकाच्या नावापुढे लेखकाचे नावही घालू लागलो आहोत.
— ग्रंथपाल, गिरगाव

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटच्या वाक्यातच बहुधा या अडचणीचे मूळ आहे. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, 2018 च्या नियमांनुसार संस्थेचे नाव, संदेश पाठवणाऱ्याचे सांकेतिक नाव (हेडर) आणि मजकुराचा नमुना यांची डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या सामाईक नोंदणी यंत्रणेत नोंदणी करावी लागते. 2021 पासून दूरसंचार कंपन्या असा प्रत्येक संदेश मंजूर नमुन्याशी ताडून पाहतात आणि तो जुळला नाही, तर सभासदाचा फोन सुरू असो वा बंद, संदेश वाटेतच अडवला जातो. नमुन्यात पुस्तकाच्या नावासाठी जी बदलती जागा आपण ठेवली आहे, तिच्यात सहसा 30 चिन्हेच बसतात.

ही मोजणी आपण अक्षरे मोजतो तशी होत नाही. ‘ग्रंथालय’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा. संगणकाच्या हिशेबी मात्र ग, पाय मोडल्याची खूण, र, अनुस्वार, थ, काना, ल आणि य अशी आठ चिन्हे होतात. दोन शब्दांमधली मोकळी जागाही मोजली जाते. त्यामुळे तीन शब्दांचे शीर्षक आणि पुढे लेखकाचे पूर्ण नाव आले की मर्यादा सहज ओलांडली जाते आणि संदेश अडतो, तर आटोपशीर नावाचे पुस्तक नेलेल्या सभासदाचा संदेश बिनबोभाट जातो.

खात्री करून घेण्यासाठी अडलेले संदेश एक्सेलमध्ये वेगळे काढून पुस्तक आणि लेखक यांची एकत्रित लांबी ‘लेन’ (LEN) या सूत्राने मोजावी. अडलेले सारे 30 च्या वर आणि गेलेले सारे आत निघाले, तर शंकेला जागा उरत नाही. लेखकासाठी स्वतंत्र जागा असलेला नवा नमुना मंजूर करून घेता येईल. परंतु माझ्या मते लेखकाचे नाव वगळणेच उत्तम, आणि शीर्षकही लांब असेल तेथे पुस्तकाचा दाखल क्रमांक द्यावा. मराठी संदेश 70 चिन्हांपर्यंतच एक धरला जातो. त्यापुढे त्याचे 67 चिन्हांचे भाग पडतात आणि प्रत्येक भागाचे पैसे लागतात, हेही ग्रंथालयाच्या तुटपुंज्या तरतुदीत विचारात घ्यावे लागते.

छोट्या नावांचे संदेशही अडत असतील, तर नमुन्यातील न बदलणारा मजकूर संदेशात जसाच्या तसा आहे का, ते तपासावे. वर्डमधून चिकटवताना सरळ अवतरणचिन्हाचे वळणदार होते किंवा एका जागी दोन मोकळ्या जागा पडतात, आणि तेवढ्यानेही जुळणी फसू शकते. संदेशात दुवा (लिंक) असेल, तर 1 ऑक्टोबर 2024 पासून तोही आधी नोंदवलेला असावा लागतो. सेवा पुरवणाऱ्यांकडून प्रत्येक अडलेल्या संदेशाचा त्रुटी-क्रमांक आणि त्याचा अर्थ लेखी मागावा. ‘नेटवर्क’ या उत्तरावर समाधान मानू नये.

तोवर तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवू नये, आणि कर्मचाऱ्याच्या खासगी क्रमांकावरून सर्वांना एसएमएस करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण तक्रारी झाल्यास तो क्रमांकच बंद होऊ शकतो. अहवालातील ‘सबमिटेड’ या शेऱ्याचा अर्थ संदेश पुढे सोपवला इतकाच आहे, तेव्हा सभासदाकडून विलंब शुल्क घेण्यापूर्वी त्याच्या नावापुढे ‘डिलिव्हर्ड’ आहे का, ते अवश्य पाहावे.