पॅलेस्टाइनमध्ये वैद्यकीय संशोधन खरंच होतं का?

होतं, आणि चांगल्या दर्जाचं. बेथलेहेम विद्यापीठात मोईन कनआन यांच्या प्रयोगशाळेने नात्यात लग्नं होणाऱ्या कुटुंबांतल्या जन्मजात बहिरेपणाचा थेट जनुकापर्यंत माग काढला. (आपल्याकडेही मामाच्या मुलीशी लग्नं लागतात, तेव्हा हा विषय परका नाही.) २०१० साली एका पॅलेस्टिनी कुटुंबात जीपीएसएम२ या जनुकातला दोष सापडला, अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांचा गट सोबत होता.

सार्वजनिक आरोग्यात बीरझेत विद्यापीठ बघा. रीटा जकामन आणि सहकाऱ्यांनी रामल्लाच्या शाळकरी मुलांना इस्रायली लष्कराकडून होणाऱ्या अपमानाचाच अभ्यास केला: अपमान जितका जास्त, तितक्या तब्येतीच्या तक्रारी जास्त. जखमा सगळेच मोजतात, हे कोण मोजतं? २००९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने पॅलेस्टिनी आरोग्यावर खास लेखमाला छापली, तीही वाचा.