वाळवंट चालत येते का?

प्रश्न : सुपीक जमिनीचे वाळवंट होते, म्हणजे शेजारची वाळू पुढे सरकत येते का?

उत्तर : बहुतेक वेळा नाही. १९९४ साली संमत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही ‘वाळवंटीकरण’ म्हणजे कोरड्या प्रदेशांतील जमिनीचा ऱ्हास, अशीच व्याख्या आहे. अतिचराईने किंवा वृक्षतोडीने मातीवरचे आच्छादन गेले, की पावसाचे टपोरे थेंब उघडी ढेकळे फोडतात, सुट्या झालेल्या बारीक कणांनी छिद्रे बुजून वर कडक पापुद्रा तयार होतो आणि पाणी मुरण्याऐवजी कसदार थर घेऊन वाहून जाते. हा थर घडायला शतके लागतात, याचेच फार वाईट वाटते. तरीही पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशातील शेतकऱ्यांनी १९८० च्या दशकापासून, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटलेले धुमारे राखून, लाखो हेक्टरांवर पुन्हा झाडे उभी केली आहेत.