४५ हजार भरण्याआधी रफ शीट कुणाला तरी दाखव

तुझा प्रश्न थोडक्यात असा: राहायला सिन्नरला, फिजिक्स-मॅथ्स घेऊन बी.एस्सी. झालंय, एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह (एटीसी, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, विमानांची वाहतूक नियंत्रित करणारं काम) परीक्षेला बसायचंय. नाशिकमधला एक क्लास ४५ हजार मागतोय आणि वडील म्हणतायत, पुस्तकं घे आणि घरीच बस. कुणाचं ऐकू?

मी नाशिकरोडची. २०२२ च्या यादीत माझं नाव नव्हतं, २०२३ च्या यादीत होतं. पहिल्या वेळी क्लास लावला होता, दुसऱ्या वेळी नाही. पण म्हणून लगेच वडिलांना जाऊन सांगू नकोस, कारण दुसऱ्या वेळी मी एकटीही नव्हते.

फीचं नंतर बघू, आधी डोळे तपासून घे. चष्म्याची काळजी करू नकोस, चष्मा चालतो. मी रंग ओळखण्याच्या चाचणीबद्दल बोलतेय, ती रंगीत ठिपक्यांमधले आकडे वाचायची. आम्ही चौघं मिळून अभ्यास करायचो. त्यातला एक लेखी परीक्षेत माझ्याही पुढे होता आणि मेडिकलला अडकला. लाल-हिरव्यात गोंधळ होतो हे त्याला वयाच्या चोविसाव्या वर्षी कळलं. सिव्हिलच्या नेत्र विभागात अर्ध्या तासात कळण्यासारखी गोष्ट होती. दुसरं म्हणजे जाहिरातीतली पात्रतेची ओळ मार्कशीट शेजारी ठेवून शब्दशः वाच. आपल्याकडे शेवटच्या वर्षाला एकच मुख्य विषय उरतो, तेव्हा फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही कागदावर कुठे आणि कसे दिसतात ते आत्ताच बघून ठेव. कागदपत्रं तपासणीच्या टेबलापर्यंत हे लांबवू नकोस.

आता माझ्या क्लासची गोष्ट. नाव लिहीत नाही. मुळात तो बँकेच्या परीक्षांचा क्लास, बाहेरच्या बोर्डावर 'एटीसी' मागाहून रंगवलेलं. रीझनिंग आणि इंग्रजी खरंच छान शिकवायचे. फिजिक्ससाठी मात्र पीडीएफ. तेही मी चालवून घेतलं असतं. खरं नुकसान केलं ते एका सवयीनं. बँकेच्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, त्यामुळे 'खात्री नसेल तर सोडा' हे तिथे रोज घोकून घेतात. एटीसीच्या पेपरात चुकीला गुण कापतच नाहीत. १२० प्रश्न, १२० मिनिटं, १२० गुण, एकही रकाना रिकामा ठेवायचं कारण नाही. मी नऊ सोडून आले. नऊ! बाहेर येऊन मैत्रिणीला अभिमानानं सांगितलंसुद्धा की मी अजिबात रिस्क घेतली नाही.

ज्याला ही परीक्षा माहीत नाही त्याच्याकडून मार्गदर्शन घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या वेळी आमच्या कॉलनीतले एक निवृत्त प्राध्यापक भेटले. फिजिक्सचे. एटीसी परीक्षेचं नावही त्यांनी माझ्याकडूनच ऐकलं. म्हणाले, 'जाहिरात दाखव.' दोनदा वाचली, मग म्हणाले, 'तीस गणित, तीस फिजिक्स, म्हणजे अर्धा पेपर माझ्या ओळखीचा आहे. उरलेल्या साठचं तू बघ.' (ते साठ म्हणजे इंग्रजी २०, रीझनिंग १५, अंकगणित १५, सामान्य ज्ञान १०.) त्यांनी मला एकदाही लेक्चर दिलं नाही. रविवारी सकाळी गॅलरीत बसून मी वेळ लावून पेपर सोडवायचा आणि झाला की उत्तरपत्रिका बाजूला सारून ते माझी रफ शीट मागायचे.

पहिल्याच रविवारी एक इंटिग्रल होतं: शून्य ते पाय बाय टू, वर साइन एक्स, खाली साइन एक्स अधिक कॉस एक्स. मी पानभर मजकूर लिहून ते बरोबर सोडवलं होतं, मनात खूश होते. सरांनी ते पान बघितलं आणि विचारलं, 'याला किती मिनिटं गेली?' पाच गेली होती. त्यांनी त्याच पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या. एक्सच्या जागी पाय बाय टू वजा एक्स ठेवलं, साइन आणि कॉसची अदलाबदल झाली, दोन्ही इंटिग्रल मिळवली तर वर-खाली सारखंच, म्हणजे दुप्पट उत्तर पाय बाय टू, उत्तर पाय बाय फोर. 'बरोबर आलेल्या उत्तरात चार प्रश्न बुडवलेस,' म्हणाले. क्लासच्या टेस्टमध्ये याच प्रश्नापुढे हिरवी खूण आली असती आणि मी पुढे गेले असते.

म्हणून सांगते, तुला शिकवणारा माणूस नकोय, तू कसं सोडवतोस हे बघणारा हवाय. अभ्यासक्रम तसा नवीन नाहीच. अकरावी-बारावी आणि पदवीची पहिली दोन वर्षं, त्यातलं बहुतेक तुझ्या कपाटात पडलेलं असेल. यूट्यूबवर सगळे धडे फुकट आहेत. स्वतःची चूक मात्र स्वतःला दिसत नाही, कारण ज्या डोक्यानं चूक केली तेच डोकं ती तपासत असतं.

सरांनी चुकांचे तीन ढीग करायला लावले. येतच नव्हतं तो पहिला, येत होतं पण चुकलं तो दुसरा, वेळ पुरला नाही तो तिसरा. माझी समजूत होती की माझा पहिला ढीग मोठा असणार. निघाला दुसरा. चिन्हाच्या चुका, एककाच्या चुका, 'खालीलपैकी कोणते नाही' मधलं 'नाही' न वाचणं. म्हणजे मी वर्षभर नवीन धडे वाचत होते आणि गुण जात होते जुन्या धड्यांत. त्यानंतर तीन महिने मी एकही नवं पुस्तक उघडलं नाही. पहिल्या साठ प्रश्नांना ४५ मिनिटांच्या वर द्यायची नाहीत, उरलेली ७५ गणित-फिजिक्सला, शेवटच्या तीन मिनिटांत उरलेल्या सगळ्या प्रश्नांना काहीतरी उत्तर द्यायचं, हेही तिथेच ठरलं.

बाकी साठसाठी आम्ही चौघं शनिवारी सावानात भेटायचो. (सार्वजनिक वाचनालय नाशिक, १८४० सालापासूनचं, तिथे बसलं की आपोआप आवाज खाली येतो.) एकानं इंग्रजी बघायचं, एकानं रीझनिंग, आणि प्रत्येकानं दुसऱ्याचा पेपर तपासायचा. मेमरी बेस्ड पेपर म्हणून जे फिरतात ते जपून वापर. मुलांनी आठवून लिहिलेले असतात, पर्यायही चुकलेले असतात. प्रश्नांचा बाज कळतो, तेवढ्यापुरते ठीक.

लेखी निघाल्यावर आवाज चाचणी असते. वाचायला देतात, बोलतं करतात. आपण मराठी माध्यमातली मुलं इथे उगाच घाबरतो. इंग्रजांसारखं बोलायची गरज नाही, स्पष्ट आणि न अडखळता बोलता आलं पाहिजे. मी रोज इंग्रजी पेपरातला एक उतारा फोनवर रेकॉर्ड करून भावाला पाठवायचे. तो फक्त एकच गोष्ट सांगायचा: कुठला शब्द कळला नाही. पंधरा दिवसांत माझी घाई कमी झाली. पुढे मेडिकल, मादक पदार्थांची चाचणी वगैरे, त्याला तयारी नसते.

मग क्लास लावावा का? एकटा बसलास की दिवस वाहून जात असतील, किंवा गणिताचा पायाच कच्चा असेल, तर लाव. पण पैसे भरण्याआधी तिथे तीन गोष्टी विचार. फिजिक्स कोण शिकवतं आणि त्याला भेटता येईल का? माझ्या सरावपरीक्षेची रफ शीट कुणी बघणार का, की फक्त रँक दाखवणार? आणि या पेपरात निगेटिव्ह मार्किंग आहे का? तिसऱ्याचं उत्तर द्यायला ते अडखळले तर चहा पिऊन परत सिन्नरची बस धर. सिन्नरहून रोज येण्याजाण्यातले दोनेक तासही फीमध्ये धर.

भरतीचं वेळापत्रक ठरलेलं नसतं, हेही वडिलांना सांग. २०२२ ला ४०० जागा होत्या, २०२३ ला ४९६, २०२५ ला ३०९. मधलं वर्ष कोरडं जाऊ शकतं आणि खुल्या गटाला वयाची मर्यादा २७. त्यामुळे क्लासनं वर्षभराची मुदत दिली तर जाहिरात लांबल्यास पुढे काय, ते लेखी घे.

आणि घरचे विचारतीलच, 'मग ओझरला लागशील ना?' माझ्या आईनं विचारलं होतं. डोक्यावरून सुखोई गेलं की अजून विचारते. नाशिकजवळचं ओझरचं विमानतळ एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचं) आहे, एअरपोर्ट्स अथॉरिटीचं नाही. आधी प्रशिक्षण, तेही प्रयागराज, हैदराबाद नाहीतर गोंदियाला, मग देशात कुठेही.

या रविवारी एक पूर्ण पेपर वेळ लावून सोडव, एकही प्रश्न रिकामा न ठेवता. तीन ढिगांचे आकडे इथेच लिही, आणि पाच मिनिटं खाल्लेल्या प्रश्नाच्या रफ शीटचा फोटो टाक.