एम.ए.ला आले, तरी रशियन बोलताना अडखळते

परकीय भाषेत पदवीच्या पुढे गेलेले विद्यार्थी माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो : "इतकी वर्षे शिकूनही भाषा येत नसेल, तर विषय निवडतानाच माझे चुकले का?" रशियनच्या एम.ए.ला दुसऱ्या वर्षात असलेली एक विद्यार्थिनी नेमका हाच प्रश्न घेऊन आली होती. ती जुन्नर तालुक्यातील शेतकरी कुटुंबातली आहे, एवढा तपशील तिच्या परवानगीने देते. बाकी ओळख पटेल असे काही लिहीत नाही.

तिचे गुण चांगले होते. परंतु एका चर्चासत्रात तिने एका शब्दावरचा आघात, म्हणजे उच्चारातला जोर, चुकीच्या अक्षरावर दिला. रशियनमध्ये आघाताची जागा ठरलेली नसते आणि ती बदलली की अर्थही बदलू शकतो : 'झामक' म्हणजे गढी, 'झमोक' म्हणजे कुलूप. तिच्या तोंडून गढीऐवजी कुलूप गेले. कोणी हसले नाही, प्राध्यापिकांनी शांतपणे दुरुस्ती केली. पण त्यानंतर तीन आठवडे तिने वर्गात तोंड उघडले नव्हते.

मी तिला प्रथम हे समजावले, की आपल्याला कमी येते असे वाटणे हे या टप्प्याचेच लक्षण आहे. रशियनच्या 'त्रकी' या प्रमाणपत्र परीक्षेला सहा पातळ्या असतात. पहिल्या पातळ्यांवर शिकलेले शब्द प्रत्येक पानावर भेटतात, त्यामुळे प्रगती डोळ्यांना दिसते; वरच्या पातळ्यांवरचे शब्द मात्र क्वचित भेटतात, म्हणून हजारभर नवे शब्द पाठ होऊनही आपण जागचे हललो नाही असे वाटत राहते. हे तिला पटले, तरी तिची भीती गेली नाही. केवळ स्पष्टीकरणाने ती जात नाही, असाच माझा अनुभव आहे.

दुसऱ्या भेटीत मी तिची वही पाहिली. डावीकडे रशियन, उजवीकडे इंग्रजी, आणि प्रत्येक रशियन शब्दावर पेन्सिलीने काढलेली आघाताची बारीक तिरपी रेघ. मराठीचा मात्र एकही शब्द नव्हता. विचारले तेव्हा म्हणाली, "मॅडम, पुस्तके सगळी इंग्रजीतूनच आहेत. मध्येच मराठी आणली तर गोंधळ होईल असे वाटले." मला रशियन येत नाही; म्हणून मी तिला एवढेच सांगितले, की सर्वांत अवघड वाटणारा भाग मला मराठीतून शिकव.

तिने 'सोडवणे' या अर्थाच्या क्रियापदांची जोडी घेतली : 'रेशाला, नो न्ये रेशीला'. पहिले क्रियापद प्रयत्न सांगते, दुसरे काम तडीस गेले की नाही हे सांगते. इंग्रजीतून समजावताना तिला चार वाक्ये लागत. मराठीत ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "गणित सोडवत होते, पण सुटले नाही." मग एकेक उलगडत गेले. 'म्न्ये खोलदना' म्हणजे 'मला थंडी वाजते', 'म्न्ये न्रावित्सा' म्हणजे 'मला आवडते'; दोन्हीकडे तो 'मला'च आहे. तिन्ही लिंगे आहेत, तू आणि तुम्ही यांतला फरक आहे, आणि आपण अर्जात नावापुढे वडिलांचे नाव लिहितो, तसे तिकडेही माणसाच्या नावाला वडिलांच्या नावावरून आलेले नाव जोडलेले असते.

मी उत्साहात येऊन आणखी जोड्या सुचवू लागले, तेव्हा तिनेच मला थांबवले. सगळे असे जुळत नाही, 'जाणे' पायी की वाहनाने, एकाच दिशेने की जाऊन-येऊन, यासाठी रशियनमध्ये वेगवेगळी क्रियापदे आहेत आणि ती वेगळीच शिकावी लागतात, असे ती ठामपणे म्हणाली. ज्या मुलीला 'मला काहीच येत नाही' असे वाटत होते, ती आता काय येते आणि काय येत नाही हे नेमके सांगत होती. त्या दिवसापासून 'येत नाही' असे मोघम न लिहिता, अडलेली एकच जागा रोज वहीत टिपायची, असे आम्ही ठरवले.

रशियन शिकून मुलीला नोकरी मिळेल का, ही तिच्या वडिलांची काळजी रास्त होती, आणि मी ती टाळली नाही. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात रशियन बनावटीची सुखोई विमाने परवान्याखाली बनली, कुडनकुलमची अणुभट्टी रशियाच्या सहकार्याने उभी राहिली. अशा कामांना भाषेचे जाणकार लागतात. पण नुसती पदवी तेथे पुरत नाही, तांत्रिक भाषांतराचा सराव वेगळा करावा लागतो, हेही मी त्यांना सांगितले.

पुढच्या चर्चासत्रासाठी तिने अफानासी निकितीन निवडला. पंधराव्या शतकात हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि जुन्नरला दोन महिने राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की येथे हिवाळा चार महिने असतो, रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल असतो, आणि त्याच दिवसांत लोक नांगरणी-पेरणी करतात. बोलताना ती दोनदा अडखळली, एक आघातही चुकला, तरी ती थांबली नाही. पाण्या-चिखलाचा हिवाळा कसा, असे एकाने विचारले, तेव्हा तिने रशियनमधूनच उत्तर दिले, की तो आमचा पावसाळा आहे, आणि आमच्या शेतात भाताची लावणी अजूनही त्याच चिखलात होते.