घोडा ‘बाप म्हणून अपयशी’ ठरतो का?

रेवदंड्याच्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. गावच्या दिवाळी अंकासाठी ते जगातल्या नामांकित शर्यतीच्या घोड्यांवर लेख लिहीत आहेत. सेक्रेटेरिएट या अमेरिकी घोड्याबद्दल त्यांनी लिहिलं, ‘तो शर्यतीत अजिंक्य वाटावा असा होता, पण बाप म्हणून अपयशी ठरला.’ मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी ‘बाप म्हणून अपयशी’खाली रेघ मारली आणि विचारलं, ‘पोरांकडे दुर्लक्ष केलं का त्यानं?’ वाचकांना तीन गोष्टी हव्या आहेत. ‘बाप’ऐवजी ‘वळू’ चालेल का, की वळू फक्त गाईंचाच? ‘अपयशी’ म्हणणं बरोबर आहे का? आणि इंग्रजीतल्या ‘हाफ ब्रदर’ला सावत्र भाऊ म्हणावं का?

बाईंची रेघ योग्य जागी पडली आहे. मराठीत बाप म्हणून अपयशी म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो फी न भरणारा, घरी उशिरा येणारा, मुलांशी न बोलणारा माणूस. घोड्याचा संबंध तर घोडी गाभण राहीपर्यंतच. शिंगरू अकरा महिन्यांनी जन्माला येतं, आईजवळ वाढतं. बापाशी त्याची बहुधा गाठही पडत नाही. नातं सांगताना ‘बाप’ बिनधास्त वापरा: ‘सेक्रेटेरिएटचा बाप बोल्ड रूलर’ हे स्वच्छ मराठी आहे. पण ‘बाप म्हणून’ असं म्हटलं की ती जबाबदारी होते, आणि ती घोड्यावर टाकता येत नाही.

आता वळू. आपल्याकडे कोकणात हा शब्द पहिल्यांदा कानावर येतो तो गाईगुरांच्या संदर्भात. ज्याला खच्ची केलं, नांगराला किंवा गाडीला जुंपलं तो बैल. ज्याला पैदाशीसाठी राखलं तो वळू. म्हणजे वळू हे जातीचं नाव नाही, कामाचं नाव आहे. म्हणूनच ते घोड्यालाही लागू पडतं आणि घोड्यांवरच्या मराठी लेखनात ‘वळू घोडा’ असा प्रयोग होतोही. तुमच्या वाचकांना अडखळायला नको असेल तर पहिल्या उल्लेखाला ‘पैदाशीचा घोडा’ किंवा ‘वळू घोडा’ म्हणा आणि पुढे नुसतं ‘वळू’. ‘नर’ पुरेसं नाही, कारण त्यातून फक्त लिंग कळतं. ‘जनक’ म्हटलं की एखाद्या शास्त्राचा जनक आठवतो. ‘प्रजनक’ सरकारी फायलीतून उठून आल्यासारखा वाटतो, आणि ‘बीजाश्व’ असं काही घडवलेलं छापू नका, वाचणारा तिथेच थबकेल. ‘पैदास’ मात्र चारशे वेळा वापरा. तो शब्द गोठ्यातही चालतो आणि पशुवैद्यकीय पुस्तकातही.

खच्चीचा उल्लेख आलाच आहे तर एक महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेतला केल्सो १९६० ते १९६४ अशी सलग पाच वर्षं तिथला ‘वर्षातला सर्वोत्तम घोडा’ ठरला. तो खच्ची केलेला होता. त्याच्याबद्दल ‘पैदाशीत यश आलं नाही’ असं कुठे वाचलंत तर ते वाक्य कापा, कारण तो त्या परीक्षेला बसलाच नव्हता.

मूळ अडचण माझ्या मते ‘अपयशी’ या शब्दात आहे. पैदाशीच्या घोड्याचं यश ही एकच गोष्ट नाही, निदान तीन गोष्टी आहेत, आणि त्या तिन्हींसाठी मराठीत वेगळी क्रियापदं तयार आहेत.

पहिलं ‘फळणं’. गाय फळली, म्हैस फळली असं आपण म्हणतो. घोडीलाही तेच म्हणता येईल. सिगार नावाच्या घोड्यानं १९९४ ते १९९६ या काळात लागोपाठ १६ शर्यती जिंकल्या. मग त्याला पैदाशीला ठेवलं, ३४ घोड्या दाखवल्या, आणि एकही फळली नाही. तो वंध्य निघाला. विम्याची भरपाई द्यावी लागली. इथे ‘अपयश’ म्हणण्यापेक्षा ‘घोड्या फळल्या नाहीत’ हे खरं आणि नेमकं आहे. (इथेच व्याकरणाचा एक खड्डा आहे. घोडा आणि घोडी या दोन्हींचं अनेकवचनी सामान्यरूप एकच, ‘घोड्यां-’. ‘घोड्यांची निवड’ म्हणजे नरांची की माद्यांची, ते कळत नाही. या लेखात हा घोळ पानोपानी होणार, तेव्हा जिथे शंका येईल तिथे सरळ ‘माद्या’ लिहा.)

दुसरं ‘उतरणं’. आजीचा आवाज नातीत उतरतो, सुताराचा हात लेकात उतरतो. इथे कर्ता कोण आहे पाहा: आवाज, हात, गुण. बाप नाही. तसंच ‘आईच्या वळणावर गेली’ म्हणतो तेव्हा कर्ता मुलगी असते. इंग्रजी धाटणीच्या वाक्यात घोडा कर्ता होऊन यश मिळवतो किंवा गमावतो. मराठीत गुण उतरतो किंवा उतरत नाही, आणि जन्मदात्याकडे त्याचं श्रेय जात नाही, दोषही जात नाही. मला ही मांडणी जास्त खरी वाटते, कारण घडतंही तसंच. शिंगराचं अर्धं आईकडून येतं आणि बापाच्या अर्ध्यात नेमकं काय यावं हे कुणाच्या हातात नसतं. हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, रायवळ उगवतो. कधी गोड, कधी नुसता दोऱ्यांचा. हापूस हवा तर कलम बांधावं लागतं. घोड्याचं कलम होत नाही. शर्यतीच्या थरोब्रेड जातीत तर कृत्रिम रेतनालाही परवानगी नाही, प्रत्येक शिंगरू ही नवी कोयच. ‘खाण तशी माती’ ही म्हण म्हणून घोड्यांच्या लेखात मथळ्याला वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे खाणीच्या तोडीची माती क्वचितच मिळते.

मग उतरला की नाही हे ठरवायचं कसं? नुसती संख्या फसवते. वळूच्या पोरांनी मोठ्या शर्यती किती जिंकल्या हे सांगताना पोरं एकूण किती झाली हे शेजारी लिहिलंच पाहिजे. नॉर्दर्न डान्सर घ्या. अंगानं लहान, वर्षाचा असताना २५ हजार डॉलरला त्याला गिऱ्हाईक मिळालं नाही. १९६४ मध्ये त्यानं केंटकी डर्बी आणि प्रीकनेस जिंकल्या (बेलमाँटसह या अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती), आणि पैदाशीत तर तो विसाव्या शतकातला सर्वांत प्रभावी वळू ठरला. त्याची शिंगरं साधारण ६४०, त्यांतली १४५हून अधिक स्टेक्स म्हणजे वरच्या दर्जाच्या शर्यतींची विजेती, म्हणजे शंभरात बावीस-तेवीस. शंभरात दहा गाठणारा वळूही उत्तम समजला जातो. सेक्रेटेरिएटची शिंगरं साडेसहाशेच्या आसपास आणि स्टेक्स विजेते पन्नासहून थोडे जास्त, म्हणजे शंभरात आठ-नऊ. हे अपयश आहे का? सरासरी घोड्याच्या मानानं मुळीच नाही. त्याच्या मुलांत रायझन स्टार आहे, ज्यानं १९८८ मध्ये प्रीकनेस आणि बेलमाँट जिंकल्या. मुलींत लेडीज सीक्रेट आहे, १९८६ची अमेरिकेतली सर्वोत्तम घोडी. पण ज्यानं १९७३ची बेलमाँट ३१ लेंग्थनं जिंकली, म्हणजे मागच्या घोड्याच्या आणि त्याच्या मध्ये ३१ घोडे एकापुढे एक उभे राहिले असते, त्याच्याकडून लोकांना दुसरा सेक्रेटेरिएट हवा होता. शर्यतीतून निवृत्त होण्याआधीच त्याचे पैदाशीचे हिस्से साठ लाख डॉलरच्या वर विकले गेले होते. ‘अपयशी’ हा शब्द त्या अपेक्षेतून आला.

शिवाय माद्यांचा भाग राहतोच. नावाजलेल्या घोड्याकडे नावाजलेल्या माद्या येतात, मग शिंगरू पळालं तर गुण कुणाचा? यासाठी पैदासकार एक तुलना करतात आणि ती मला फार न्यायाची वाटते. या वळूपासून झालेल्या शिंगरांची सरासरी कमाई एका बाजूला ठेवतात. त्याच माद्यांना दुसऱ्या वळूंपासून झालेल्या शिंगरांची कमाई दुसऱ्या बाजूला. पहिली जास्त असेल तर वळूनं भर घातली, दुसरी जास्त असेल तर माद्यांनी त्याला सांभाळून घेतलं. तुमच्या लेखात हे दोन ओळींत आलं तर वाचकाला बरंच उलगडेल.

तिसरं क्रियापद नाही, क्रियाविशेषण म्हणा हवं तर: ‘लेकींतून’. सेक्रेटेरिएटचं खरं देणं इथे आहे, आणि तुमच्या वाक्यात त्याचा पत्ताच नाही. त्याची मुलगी वीकेंड सरप्राइझ. तिचा मुलगा ए. पी. इंडी, १९९२च्या बेलमाँटचा विजेता आणि पुढे स्वतः मोठा वळू. सेक्रेटेरिएटचीच दुसरी मुलगी टर्लिंग्वा. तिचा मुलगा स्टॉर्म कॅट, ज्याच्याकडे एक मादी नेण्याचे एकेकाळी पाच लाख डॉलर पडत. तिसरी मुलगी सीक्रेटेम. तिचा मुलगा गॉन वेस्ट, तोही नामवंत वळू. माद्यांचा बाप म्हणून, म्हणजे लेकींच्या पोरांच्या कमाईच्या हिशोबात, सेक्रेटेरिएट १९९२ मध्ये अमेरिकेत पहिला आला. तो स्वतः १९८९च्या ऑक्टोबरमध्ये गेला होता, ए. पी. इंडी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जन्मला होता. म्हणून ‘ठरला’ हे क्रियापद जपून वापरा. शिंगरू जन्मायला वर्ष, धावायला आणखी दोन, आणि नातवंडांचं कळायला पंधरा-वीस. घोडा जिवंत असताना लिहिलेला निकाल पुढे किती वेळा फिरवावा लागला आहे! आपल्याकडे ‘लेकीकडून’ हा शब्द नात्यागोत्याच्या बोलण्यात रोजचा आहे, ‘लेकीकडून नातू’ म्हटलं की सगळं कळतं. तोच इथे आणा.

उलट दिशेचं उदाहरणही द्याच. १९७८ साली अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यतींत अफर्म्ड पहिला आणि अलिदार दुसरा आला. पैदाशीत मात्र अलिदार पुढे गेला. अलिशेबा आणि ईझी गोअर ही त्याची मुलं, आणि १९९० मध्ये तो अमेरिकेतला अव्वल वळू होता. डॅन्झिग तर फक्त तीन शर्यती धावला, तिन्ही जिंकला, आणि नॉर्दर्न डान्सरचा हा मुलगा १९९१ ते १९९३ अशी तीन वर्षं अव्वल वळू राहिला. संडे सायलेन्सला अमेरिकी पैदासकारांनी फारसा भाव दिला नाही; तो जपानला गेला आणि १९९५ ते २००७ सलग तेरा वर्षं तिथला पहिला वळू ठरला. आणि जो अजिंक्य धावला आणि त्याचं धावणं पोरांतही उतरलं असा फ्रँकेल आहे: चौदापैकी चौदा शर्यती जिंकल्या, २०२१ आणि २०२३ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमधला अव्वल वळू. त्याचा बाप गॅलिलिओ, आजोबा सॅडलर्स वेल्स, पणजोबा पुन्हा नॉर्दर्न डान्सर. गिऱ्हाईक न मिळालेलं ते लहानसं शिंगरू.

तुम्ही रेवदंड्याचे आहात म्हणून एक गोष्ट सुचवतो. अलिबाग-मुरूडच्या वाळूवरच्या बैलगाड्या-घोडागाड्यांच्या शर्यती तुमच्या वाचकांना ठाऊकच आहेत, पण तुमच्या शेजारच्या चौल बंदराचा घोड्यांशी संबंध त्याहून कितीतरी जुना. अरबस्तान आणि होर्मुझकडून चौल-दाभोळला घोडे उतरत, कारण दख्खनच्या फौजांना हवे तसे घोडे इथल्या पैदाशीतून पुरेसे मिळत नसत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला तेव्हा त्याच्याबरोबर विकायला एक घोडाच होता, तोही खच्ची न केलेला. जुन्नरला तिथल्या खानानं तो काढून घेतला आणि मोठ्या खटपटीनं परत मिळाला. निकितिनचं स्मारक तुमच्या गावात आहे. लेखाची सुरुवात तिथून केलीत तर केंटकी एवढं लांब वाटणार नाही.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘सेक्रेटेरिएटसारखं धावणं त्याच्या मुलांत क्वचितच उतरलं, लेकींकडून नातवंडांत मात्र ते भरभरून उतरलं.’ यात ‘बाप’ नाही, ‘अपयश’ नाही, आणि माहिती तुमच्या मूळ वाक्याहून जास्त आहे. वळूची ओळख द्यायचीच असेल तर पुढे जोडा: ‘पैदाशीचा घोडा म्हणून त्याच्याकडून जेवढी अपेक्षा होती तेवढी त्याच्या हयातीत पुरी झाली नाही.’

राहिला ‘हाफ ब्रदर’. इथे ‘सावत्र भाऊ’ लिहिलंत तर अर्थ नेमका उलटा होईल. सावत्र हा शब्द सापत्न या संस्कृत शब्दावरून आला, आणि सापत्न म्हणजे सवतीचं. मूळ अर्थ बाप एक, आया वेगळ्या. घोड्यांच्या जगात बाप एक असलेल्यांना हाफ ब्रदर म्हणतच नाहीत. एका वळूची शिंगरं शेकड्यांनी असतात, त्या नात्याला काही मोल उरत नाही. तिथे हाफ ब्रदर म्हणजे आई एक, बाप वेगळे. वीकेंड सरप्राइझचे दोन मुलगे आहेत: समर स्क्वॉल, ज्याचा बाप स्टॉर्म बर्ड, आणि ए. पी. इंडी, ज्याचा बाप सिअ‍ॅटल स्ल्यू. या दोघांसाठी मराठीत ‘सहोदर’ आहे, एका उदरातले. बापही एकच असेल तर ‘सख्खे’ म्हणा. आणि ‘सहोदर’ दिवाळी अंकाला जड वाटला तर ‘एकाच घोडीचे’ लिहा, त्यात कुणाचा गैरसमज होणार नाही.