सहायक लिहा, 'सहाय्यक' नको, 'उपप्रशिक्षक' तर नकोच

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगबद्दल मराठीत लिहायचे आहे, तर 'असिस्टंट कोच'ला काय म्हणावे? सहाय्यक प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक की उपप्रशिक्षक? आणि 'कोऑर्डिनेटर'ला, म्हणजे चढाई किंवा बचाव अशी एक बाजू सांभाळणाऱ्या वरिष्ठ सहायकाला, 'समन्वयक' चालेल का?

'सहायक' लिहा. 'सहाय्यक' हे रूप व्याकरणात कुठेच बसत नाही. मूळ शब्द 'सहाय', त्यावरून 'सहायक'. 'सहाय'चे भाववाचक नाम 'साहाय्य'. सुंदरचे सौंदर्य होते तसेच हे: पहिला स्वर वाढतो आणि शेवटी 'य' येऊन जोडला जातो. म्हणजे 'स'ला काना असेल तरच पुढे 'य्य'. काना नसेल तर एकच 'य'. 'साहाय्यक' कुणी लिहिले तर माझी हरकत नाही. पण कार्यालयांच्या पाट्या, नेमणुकीची पत्रे, खेळाच्या बातम्या, जिथे पाहावे तिथे हा अर्धा इकडचा अर्धा तिकडचा 'सहाय्यक' बसलेला असतो आणि तो खटकतही नाही कुणाला.

'उप' इथे चुकीचाच. उपकर्णधार, उपसभापती, उपसरपंच हे मुख्य माणूस नसेल तेव्हा त्याच्या जागी बसणारे. एनएफएलच्या संघात ५३ खेळाडू आणि त्यांच्यावर वीस-पंचवीस सहायक असतात. चढाई चालवणाऱ्या, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा वेगळा, पुढच्या फळीचा वेगळा, बचावातल्या लाइनबॅकरांचा वेगळा, किक मारणाऱ्यांच्या स्पेशल टीमचा वेगळा. सर्वात तळाशी जुन्या सामन्यांच्या फिती बघून एकेका चालीची नोंद करणारी पोरे. पुढे नामांकित मुख्य प्रशिक्षक झालेल्या बिल बेलिचिकने १९७५ साली बाल्टिमोर कोल्ट्समध्ये याच कामापासून सुरुवात केली, पगार आठवड्याला २५ डॉलर. त्याला 'उपप्रशिक्षक' म्हणाल का?

'कोच' हा शब्द हंगेरीतल्या कोच गावच्या घोडागाडीवरून आला, हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. ते सोडून देऊ. खरी गंमत 'सहाय'मध्ये आहे.

सह + अय = सहाय. 'इ' म्हणजे जाणे या धातूवरून 'अय' आला. उदय, व्यय, अन्वय, उत्तरायण, सगळीकडे तोच. तेव्हा सहाय म्हणजे 'बरोबर जाणारा'. मदत हा अर्थ मागाहून चिकटला; आधी चालणे. इंग्रजीतला 'असिस्टंट' लॅटिनमधून आला, त्याचा मूळ अर्थ जवळ उभा राहणारा. उभ्या माणसापेक्षा आपला चालता माणूस एनएफएलला किती चपखल बसतो बघा. तिथे साखळी सामन्यांचा शेवटचा रविवार संपला की दुसऱ्या दिवसाला 'ब्लॅक मंडे' म्हणतात. मुख्य प्रशिक्षकांना नारळ मिळतो तो याच सुमाराला. नवा येतो तो आपली माणसे घेऊन, त्यामुळे जुन्याच्या बहुतेक सहायकांनाही बिऱ्हाड हलवावे लागते. मुलांच्या शाळा बदलतात, घर विकावे लागते. काही महिन्यांनी जुन्या मुख्याला दुसऱ्या गावी काम मिळते आणि तो यांतल्या चारपाच जणांना फोन करतो. बरोबर जाणारे ते हेच.

दांते स्कारनेकिया या सहायकाचे उदाहरण घ्या. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात तो मुख्य प्रशिक्षक रॉन मायरच्या हाताखाली होता. १९८२ मध्ये मायर न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडे गेला, हा त्याच्याबरोबर गेला. मायर पुढे इंडियानापोलिस कोल्ट्सचा झाला. १९८९ मध्ये हा तिथेही गेला. नुसता 'मदतनीस' म्हटले तर हा प्रवास शब्दात उतरत नाही. १९९१ मध्ये तो न्यू इंग्लंडला परतला आणि मग मात्र उलटेच घडले: तो जागेवर राहिला आणि मुख्य प्रशिक्षक बदलत गेले, मॅकफर्सन, पार्सेल्स, कॅरल, बेलिचिक. मधली दोन वर्षांची निवृत्ती वगळता २०१९च्या मोसमापर्यंत तो तिथेच होता, बहुतेक काळ पुढच्या फळीला पायांची ठेवण शिकवत.

आता मतभेदाचा मुद्दा. मोनिअर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात 'सह + अय' ही फोड दिली आहे, पण तिच्यापुढे बहुधा असे लिहून लगेच पुस्ती जोडली आहे: काहींच्या मते 'सहाय' हे 'सखाय'चे प्राकृत रूप, म्हणजे मुळात सखा. हे 'काही' मला मुळीच पटत नाहीत. प्राकृतात 'ख'चा 'ह' होतो, मुखाचे मुह होते, हे कबूल. पण संस्कृतात माणसाबरोबर राहणाऱ्याची बरीचशी नावे चालण्यावरून आली आहेत: सहचर, अनुचर, अनुग, अनुयायी. एवढी रांग समोर असताना 'सहाय' एकट्यालाच मैत्रीच्या आडवाटेने का आणायचे? केवळ ध्वनी जुळतात म्हणून व्युत्पत्ती लावायची ही खोड आपल्याकडेही आहे आणि तिने फार नुकसान केले आहे.

शिवाय सहायक हा सखा असतोच असे नाही, आणि याला फुटबॉलइतका चांगला पुरावा नाही. शिकागो बेअर्सचा बचाव बडी रायन हा सहायक सांभाळायचा. १९८१च्या मोसमाअखेर मुख्य प्रशिक्षक जाणार हे दिसू लागले, तेव्हा ॲलन पेज, गॅरी फेन्सिक आणि बचावातल्या इतर खेळाडूंनी मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहिले की आमच्या रायनला ठेवा. हॅलसनी ते ऐकले आणि मग माइक डिटकाला मुख्य प्रशिक्षक नेमले. डिटकाला सहायक आयता मिळाला, स्वतः न निवडलेला. दोघांचे पटले नाही, भांडणे उघड होती. तरी जानेवारी १९८६ मध्ये पेट्रियट्सना ४६–१० असे हरवून त्यांनी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, आणि मैदानावरून खेळाडूंनी दोघांनाही खांद्यावर उचलून नेले. थोड्याच दिवसांत रायन फिलाडेल्फिया ईगल्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. सखा नव्हता, बरोबर चालला, एवढेच.

बिल वॉल्शचेही तेच. सिनसिनाटी बेंगल्समध्ये पॉल ब्राउनच्या हाताखाली आठ मोसम काढले. १९७६च्या सुरुवातीला ब्राउन पायउतार झाला तेव्हा खुर्ची आपली असे वॉल्शला वाटत होते. ती मिळाली बिल जॉन्सन या दुसऱ्या सहायकाला. वॉल्श निघून गेला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सना तीन सुपर बोल जिंकून दिले. त्याचा सहायक माइक होमग्रेन, होमग्रेनचा अँडी रीड, रीडचा जॉन हार्बॉ. याला अमेरिकेत 'कोचिंग ट्री' म्हणतात. कृपा करून 'प्रशिक्षण वृक्ष' लिहू नका, वृक्षारोपणाची योजना वाटते. गाण्यातल्यासारखे 'घराणे' म्हणा. वॉल्श घराण्याचे छोट्या, अचूक पासचे अंग होमग्रेनने उचलले, रीडने त्यात आपली भर घातली, हे वाक्य मराठी वाचकाला न समजावता कळते.

'समन्वयक' चालेल का? चालेल, आणि आनंदाने चालेल. सम् + अनु + अय! तोच 'अय' इथेही आहे. सहायक आणि समन्वयक हे एकाच धातूचे दोन भाऊ निघाले, ही जोडी कोशात शेजारी मांडलेली असती तर किती बरे झाले असते. फक्त यंत्राच्या भरवशावर राहू नका, नाहीतर 'ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर'चा 'आक्षेपार्ह समन्वयक' पदरी पडेल. कबड्डीने दिलेले 'चढाई' आणि 'बचाव' आपल्याकडे आहेत. चढाईचा समन्वयक बहुधा पुढची चाल निवडतो. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ असतो. चाल सुरू करायला दिलेल्या वेळाच्या घड्याळात १५ सेकंद उरली की तो बंद होतो. तेवढ्यात सांगायचे ते सांगायचे.

पण पद मोठे म्हणून पुढची वाट मोकळी असे नाही. कॅन्सस सिटी चीफ्समध्ये रीडच्या चढाईचे समन्वयक असलेले डग पीडरसन आणि मॅट नॅगी तिथून थेट मुख्य प्रशिक्षक झाले. त्याच खुर्चीवर एरिक बिएनेमी २०१८ ते २०२२ बसला, दोन सुपर बोल जिंकले, अनेक संघांनी मुलाखतीला बोलावले, नेमले कुणीच नाही. चाली रीड स्वतः सांगतो, असे कारण त्याच्याबाबत पुढे केले गेले. आधीच्या दोघांना ते आडवे आले नव्हते. मुख्य प्रशिक्षकाच्या जागेसाठी अल्पसंख्याक उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे असे सांगणारा 'रूनी नियम' २००३ पासून आहे. पण नियमाने मुलाखत मिळते. बिएनेमी कृष्णवर्णीय आहे, आणि हे बाजूला ठेवून त्याची गोष्ट सांगणे मला प्रामाणिक वाटत नाही.

एक शेवटचे, कारण प्रश्नासोबत आलेल्या नमुन्याच्या वाक्यात 'रीडच्या अंतर्गत काम केले' असे लिहिलेले दिसले. खात्याच्या अंतर्गत योजना येते. माणसाच्या हाताखाली माणूस काम करतो. तेव्हा असे लिहा: 'जॉन हार्बॉ फिलाडेल्फियात नऊ मोसम अँडी रीडच्या हाताखाली सहायक होता आणि २००८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सचा मुख्य प्रशिक्षक झाला.'